आमच्या पोरांची शाळा आता नेमकी कोणाची?

पांदण
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पोरं अजून तिथेच आहेत. मोठी सहावीत, धाकटा दुसरीत.

ही कान्व्हेंट एका निवृत्त शिक्षक जोडप्याने ट्रस्ट करून काढली होती. बाई मुख्याध्यापिका, सर हिशेब बघायचे. फी जूनमध्ये थोडी आणि बाकीची कापूस विकल्यावर. सर वहीत लिहून घ्यायचे, दिवाळीनंतर आठवण करायचे. आमच्याकडे नऊ एकर कोरडवाहू आहे, नवरा कृषी केंद्रात कामाला. आमच्यासारख्यांना हीच सोय मोठी होती.

गुढीपाडव्यानंतर फाटकावरचा बोर्ड बदलला. वर मोठ्या अक्षरात भलतंच इंग्रजी नाव, खाली मुंगीएवढ्या अक्षरात जुना ट्रस्ट. पालकांची सभा झाली, त्यात पुण्याहून आलेल्या एका पोराने पडद्यावर चित्रं दाखवली. फी १९,५०० ची ३१,०००. 'डिजिटल लर्निंग'चे ४,५०० वेगळे. पुस्तकं, गणवेश, बूट शाळेतूनच घ्यायचे. पहिला हप्ता १० जूनच्या आत, अॅपवरून, उशीर झाला तर रोजचा दंड. १० जूनला आमच्या घरात बियाण्याला पैसे नसतात हे त्या पोराला कोण सांगणार?

मी उभी राहून विचारलं, शाळा विकली का? तो म्हणाला, नाही मॅडम, ट्रस्ट तोच आहे, आम्ही फक्त व्यवस्थापन सेवा पुरवतो. बाई बाजूला बसल्या होत्या. त्या आता 'मार्गदर्शक' आहेत म्हणे.

मला विचारायचं आहे ते असं. कंपनीला शाळा अशी घेता येते का? फी ठरवायचा हक्क कोणाचा? आणि तुमच्याकडे असं झालं तेव्हा तुम्ही काय केलं?

बंधारा
पहिले तं येक सांगतो, पोरायचं नाव काढाची घाई करू नोका. माह्या भाच्याच्या टायमाले आम्ही तावातावात टीसी मागाले गेलो, तं म्हणे आधी पूर्ण वर्षाची फी भरा. मंग बसा बोंबलत.

तूरडाळ
बियाण्याची थैली कंपनीची, फवारणीचं औषध कंपनीचं, पीकविमा कंपनीचा. शाळाच तेवढी राहिली होती. अभिनंदन.

कमळगट्टा
मी वेगळं बोलणार आहे, रागावू नका. आमच्या तालुक्यातही दोन वर्षांपूर्वी असंच झालं. आधीच्या संस्थेत मुलींच्या संडासाला कडी नव्हती. विज्ञानाची प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं कपाट. आता पाणी आहे, कॅमेरे आहेत, बसमध्ये बाई असते, मास्तर वर्गात असतो. फी वाढली, खरं आहे. पण संस्थावाले तरी कोणते संत होते? शिक्षकाच्या नोकरीसाठी 'डोनेशन' किती चालतं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. २०२५ मध्ये नागपूर विभागातला शालार्थ आयडीचा (शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी प्रणालीतला नंबर) घोटाळा निघाला, बोगस शिक्षकांच्या नावावर सरकारी पगार. त्या शाळा कंपन्यांच्या नव्हत्या.

बंधारा
@कमळगट्टा, बसमधली बाई कायद्यानंच लागते, शाळेत पोरी असन तं. कंपनीचे उपकार नोहेत थे.

कमळगट्टा
कायदा आधीपासून होता ना? बाई आता आली. माझा मुद्दा तोच.

लेखापाल
मी ट्रस्टांचे हिशेब तपासण्याच्या कामात आहे. जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे नफा कमावण्यासाठी शाळा काढता येत नाही. शाळा चालवणारी संस्था ट्रस्ट, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी असावी लागते, सीबीएसईचीही हीच अट. महाराष्ट्रात स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे अनुदान न घेणाऱ्या शाळांचा कायदा २०१२ चा. २०१७ च्या डिसेंबरात नागपूरच्याच अधिवेशनात तो दुरुस्त करून कंपन्यांना शाळा काढायची वाट मोकळी केली. आणि सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सांगितलं आहे की शाळेच्या वाढीपुरती वाजवी शिल्लक ठेवा, नफेखोरी चालणार नाही.

मग पुण्याची कंपनी शाळेत कशी शिरते? शाळा विकली जातच नाही. ट्रस्टचे जुने विश्वस्त एकेक करून राजीनामा देतात आणि नवे येतात. धर्मादाय कार्यालयात कलम २२ खाली ९० दिवसांत 'बदल अर्ज' द्यायचा असतो, तेवढीच नोंद. ट्रस्ट तोच, मान्यता तीच, माणसं वेगळी. त्यानंतर नवे विश्वस्त त्यांच्याच ओळखीच्या कंपनीशी करार करतात. नाव वापरायचे पैसे, अभ्यासक्रमाचे, सॉफ्टवेअरचे, व्यवस्थापनाचे, इमारत कंपनीने बांधली असेल तर भाडं. शाळेच्या ताळेबंदात नफा दिसणार नाही, कारण तो खर्च म्हणून आधीच बाहेर गेलेला असतो. पै निकालातली 'वाजवी शिल्लक' बघायला जाल तर शिल्लकच नसते.

म्हणून पांदणताई, 'शाळा विकली का' हा प्रश्न त्यांना सोपा जातो, ते खरंच नाही म्हणू शकतात. विचारायचं असं, की ट्रस्टचे आजचे विश्वस्त कोण आणि फीतला किती पैसा कोणत्या कराराखाली कोणाला जातो.

जागा आणि इमारत ट्रस्टची असेल तर आणखी एक. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त काळ भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती घेतली आहे का, हे विचारा.

तूरडाळ
लेखापाल साहेब, म्हणजे बैल आपला, दावं दुसऱ्याच्या हातात आणि दाव्याचं भाडं आपल्याकडून!

खडू_डस्टर
जिल्हा परिषदेत छत्तीस वर्षं शिकवलं, म्हणून बोलतो. याच वऱ्हाडात भाऊसाहेबांनी, म्हणजे पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ती बहुजनांच्या पोरांसाठी. आज आपण पोरं उचलून कान्व्हेंटच्या बसमध्ये घालतो, गावच्या शाळेची पटसंख्या वीसच्या खाली जाते, मग शासन म्हणतं ही शाळा समूह शाळेत, म्हणजे लहान शाळा एकत्र करून केलेल्या मोठ्या शाळेत घाला. २०२३ मध्ये तर कंपन्यांना सरकारी शाळा दत्तक द्यायची योजना आली. कोणत्याही वाटेने गेलात तरी कंपनीच्या दारात. पोरं परत झेडपीत टाका, आणि शाळा व्यवस्थापन समितीवर स्वतः बसा.

मोहफूल
गुरुजी, मान राखून विचारते. तुमचे नातू कुठे शिकतात?

खडू_डस्टर
नागपूरला. सीबीएसई. सूनबाईंचा निर्णय.

तूरडाळ
😂😂 धागा इथेच थांबवला तरी चालेल.

खडू_डस्टर
हसा. शाळा रिकामी होण्याचं कारण माझ्याच घरात आहे म्हणून ते खोटं ठरत नाही.

छोटी_संस्था
अमरावती जिल्ह्यात माझी एक लहान इंग्रजी शाळा आहे. तुम्ही ज्या सर-बाईंना मनात दोष देताय त्यांच्या बाजूने थोडं.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के मोफत जागांवर पोरं आम्ही घेतो. शासन एका मुलामागे १७,६७० रुपये देणार असं कागदावर आहे आणि ते वर्षानुवर्षे थकतात. कोरोनाच्या दोन वर्षांत निम्म्या पालकांनी फी दिली नाही. बसचं कर्ज थांबलं नाही. कापूस पडला की माझीही वसुली पडते, कारण माझे पालक तुमच्यासारखेच. आम्ही दोघं साठी ओलांडलेली, मुलगा बंगलोरला, त्याला शाळेत रस नाही. अशा वेळी गाडीतून दोन माणसं उतरतात, म्हणतात कर्ज आमच्याकडे, मॅडम सन्मानाने मार्गदर्शक राहतील. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण नाही म्हणायला दरवर्षी जास्त जीव लागतो.

ज्या वहीचं पांदणताईंनी कौतुकाने लिहिलं, त्या वहीत न आलेले पैसेही असतात. ते कोणी मोजत नाही.

पांदण
@छोटी_संस्था, हे वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. आमच्या सरांच्या वहीत एका दुष्काळाच्या वर्षी आमचीही बाकी राहिली होती. पुढच्या वर्षी दिली. सगळ्यांनी दिली असेल असं नाही.

पण एक विचारते. त्यांनी आम्हाला आधी सांगितलं असतं तर? एवढी घरं होती, काहीतरी वाट काढली असती. बोर्ड बदलल्यावरच कळावं, एवढे का परके झालो?

छोटी_संस्था
सांगितलं असतं तर अर्ध्या पालकांनी त्याच आठवड्यात पोरं काढली असती, शाळा बुडते आहे म्हणून. ही भीती खरी असते ताई.

स्टॉकहोमचा_पुसदकर
इकडचं सांगतो. स्वीडनमध्ये १९९२ पासून खासगी शाळांना प्रत्येक मुलामागे नगरपालिका पैसा देते. पालकांकडून फी घ्यायला बंदी, पण मालकाने नफा काढायला हरकत नाही. शाळांच्या मोठमोठ्या कंपन्या झाल्या, एक तर इथल्या शेअर बाजारात आहे. २०१३ मध्ये जेबी एज्युकेशन नावाची साखळी दिवाळखोरीत गेली. मालक होता डेन्मार्कचा एक गुंतवणूक फंड. दहा हजारांच्या आसपास मुलं, काही शाळा दुसऱ्यांनी घेतल्या, काही बंदच पडल्या. स्थानिक संस्थाचालक वाईट असला तरी त्याचं घर त्याच गावात असतं. फंडाला चार-पाच वर्षांनी बाहेर पडायचंच असतं, घेतानाच ते ठरलेलं असतं. आपल्याकडेही २०१९ मध्ये केकेआर या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने युरोकिड्स ही बालवाड्यांची साखळी घेतली. तालुक्यापर्यंत यायला वेळ लागला इतकंच.

तूरडाळ
भाऊ, तिकडं फी नाही म्हणता आणि तरी नफा होते? आमच्या संस्थावाल्यांची एक सहल काढा तिकडे.

मोहफूल
सहलीचे पैसेही पालकांकडूनच घेतील.

वर्धाकाठ
चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसजवळ राहतो. आमच्याकडची गोष्ट तर राज्यभर गाजली. सप्टेंबर २०२४ मध्ये शासनाने माउंट कार्मेल शाळेचं व्यवस्थापन कार्मेल सोसायटीकडून अदानी फाउंडेशनकडे द्यायला मंजुरी दिली. सिमेंट कारखान्याच्या वसाहतीतली शाळा, आणि ती सिमेंट कंपनी, एसीसी, अदानी समूहाकडे २०२२ मध्येच गेली होती. फाउंडेशन ना-नफा आहे, त्यामुळे पांदणताईंच्या शाळेशी बरोबरी करत नाही. माझा मुद्दा वेगळा. तिथे शासननिर्णय निघाला, पेपरात आलं, विरोधकांनी ओरड केली, लोक बाजूने आणि विरुद्ध बोलले. लेखापाल सांगतात त्या 'बदल अर्जा'च्या वाटेने शाळा गेली तर गावाला पत्ताच लागत नाही. कारखान्याच्या शाळेची आमच्या भागाला भीती नाही. माणिकगड, बल्लारपूर, सगळीकडे कारखान्यांच्या शाळांनी पिढ्या शिकवल्या. पण तिथे कारखाना शाळेत पैसा टाकत होता. इथे शाळेतून पैसा न्यायचा आहे.

नाव_नको
वाचत होते, आता लिहिते. मी अशाच घेतलेल्या शाळेत शिकवते. आधी पगार आठ हजार, तोही कधी पंधरा तारखेला कधी वीसला. आता साडेनऊ, एक तारखेला बँकेत, आणि पीएफ कापला जातो. हे कंपनीने केलं, नाकारणार नाही.

दुसरी बाजू. धडा कसा शिकवायचा ते टॅबवर येतं, मिनिटांसह. 'सोमवारी पान १४' म्हणजे पान १४. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग गैरहजर असतो हे टॅबला माहीत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये प्रत्येक शिक्षिकेला प्रवेश आणायचं टार्गेट. विदर्भातलं ऊन, डोक्याला ओढणी, हातात पत्रकं, गावोगाव फिरलो. एका ढाण्यावर, म्हणजे वस्तीवर, आजीने पाणी दिलं आणि विचारलं, बाई, जनगणना हाय काय?

मोहफूल
ढाणा म्हणजे मेळघाटाकडची का तुम्ही?

नाव_नको
आयडीच 'नाव_नको' आहे हो. 🙂

सातबारा
आमच्या गावात गजानन महाराजांच्या नावाआधी 'सेंट' लावलेली कान्व्हेंट आहे. चालक देशमुख, प्रार्थना 'गण गण गणात बोते'. विषयाशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

तूरडाळ
तिला कोणती कंपनी हात लावणार नाही. महाराज बघून घेतील.

बंधारा
मस्करी पुरे करा बाप्पा. ताईनं फीचं इचारलं होतं, थे कोनीच सांगून नाही राहिलं.

लेखापाल
बरोबर, ते राहिलं. महाराष्ट्रात फीचा कायदा २०११ चा आहे आणि तो सीबीएसई शाळांनाही लागू आहे. शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा. प्रत्येक पालक त्याचा सदस्य, वर्गणी ग्रामीण भागात वर्षाला वीस रुपये. त्यातून चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती निघते, मुख्याध्यापक अध्यक्ष, दर इयत्तेतून एक पालक. नव्या वर्षाची फी किती हा प्रस्ताव संस्थेने किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा. मंजूर फी दोन वर्षं कायम. म्हणजे पाडव्यानंतर पडद्यावर आकडा दाखवून जूनपासून लागू, हे या कायद्यात कुठेच बसत नाही.

आता अडचण. नंतरच्या दुरुस्तीने पालकांनी फीच्या विभागीय समितीकडे तक्रार करायची तर किमान २५ टक्के पालक एकत्र हवेत. एकट्याची तक्रार तिथे उभी राहत नाही. लहान गावात २५ टक्के सह्या म्हणजे काय, ते तुम्हीच जाणता.

तरी आज करता येईल असं बरंच आहे. शाळा सीबीएसईची असेल तर संकेतस्थळावर ट्रस्टची नोंदणी, फी, पालक संघाची यादी टाकणं बंधनकारक आहे. ते पान आधी उघडून बघा. ट्रस्टचा परिशिष्ट एकचा उतारा यवतमाळच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करून मिळतो, त्यात विश्वस्तांची नावं असतात. तीच नावं कंपनीच्या संचालकांत आहेत का, ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतं. आणि @बंधारा, भाच्याच्या टीसीबद्दल. आठवीपर्यंत टीसीला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५.

बंधारा
हे तवा सांगाले कोनी नव्हतं. 🙏

कमळगट्टा
माझ्या शाळेचं ते पान उघडून बघितलं. ट्रस्टची नोंदणी आहे, निकाल आहे. पालक संघाच्या जागी 'लवकरच' लिहिलं आहे. दोन वर्षांपासून 'लवकरच' असावं.

(पाणी आणि संडासाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.)

पांदण
बरेच दिवस लिहिलं नाही, धावपळ होती. झालं ते सांगते.

यवतमाळला जाऊन उतारा काढला. सर-बाईंची नावं अजून आहेत, बदल अर्ज प्रलंबित आहे. नवीन पाच नावं दाखल केलेली, त्यातली दोन कंपनीच्या संचालकांत सापडली. पालक संघाची यादी शाळेकडे लेखी मागितली तर पटकन मिळाली. ती वाचून हसावं की रडावं! सहावीचे पालक प्रतिनिधी म्हणून ज्यांचं नाव आहे ते आमच्याच आळीतले. त्यांना विचारलं तर म्हणाले, मी कशाला जाऊ मिटिंगले, मले कोनी बलावलंच नाही. त्यांच्या नावापुढे फी मंजुरीची सही आहे. गृहस्थ अंगठा लावतात.

आम्ही वीसेक जण मुख्याध्यापकांकडे गेलो. पुण्याच्या साहेबांना फोन लागला, स्पीकरवर. तो माणूस उद्धट नव्हता. उलट प्रत्येक वाक्याला 'तुमची भावना समजते' म्हणत होता. सरांशी भांडता यायचं, याच्याशी भांडायलाही जागा नाही. शेवटी हप्त्यांची तारीख बदलली, पहिला निम्मा जूनअखेर, दुसरा दिवाळीनंतर. पुस्तकं बाहेरून घ्यायला परवानगी. फी तीच. अंगठ्याच्या सहीचा विषय काढल्यावर मात्र फोन कट झाला, नेटवर्कमुळे म्हणे.

बाईंना घरी जाऊन भेटले. त्या फार बोलल्या नाहीत. कर्जाचा आकडा सांगितला. मी चहा घेऊन आले.

पोरं यावर्षी तिथेच ठेवते आहे. पण सह्या गोळा करायच्या ठरल्या आहेत.

लेखापाल
त्या यादीची आणि मंजुरीच्या कागदाची पोच घेतलेली प्रत जपून ठेवा, मूळ शाळेकडे गेलं तर परत दिसणार नाही. बदल अर्ज प्रलंबित आहे हे तुमच्या फायद्याचं. त्यावर पालक म्हणून हरकत घेता येईल का, ते स्थानिक वकिलाला विचारा. उतावीळपणे पोलिसात जाऊ नका, आधी त्या गृहस्थांचं लेखी निवेदन घ्या की ही सही माझी नाही.

छोटी_संस्था
ताई, बाईंकडे गेलात हे बरं केलंत.

माझ्याकडे गाडी परवा पुन्हा आली होती. मी त्यांना सांगितलं, आधी पालकांची सभा घेते, मग बोलू. त्यांना ते आवडलं नाही.

वर्धाकाठ
@छोटी_संस्था, सभेत काय झालं ते इथे नक्की लिहा. वेगळा धागा काढा हवं तर.

सातबारा
पांदणताई, एकूण पोरं किती आणि २५ टक्के म्हणजे किती सह्या?

पांदण
पट चारशेच्या आत-बाहेर. शंभराच्या वर सह्या लागतील. गावातल्या साठ जमल्या आहेत. बसने येणाऱ्या खेड्यांतले पालक कसे गाठायचे तेच कळत नाही, पेरणीत कोणी घरी सापडत नाही. आणि आरटीईतून लागलेल्या पोरांचे पालक सही करू शकतात का? ते म्हणतात आम्ही फी भरतच नाही, आम्हाला कोण विचारतं.

लेखापाल
करू शकतात. प्रत्येक पालक संघाचा सदस्य आहे, फी भरणारा आणि न भरणारा असा भेद कायद्यात नाही.

बंधारा
पेरनीत घरी नाही सापडत, पन कृषी केंद्रात तं येतेतच ना सारे बियानं घ्याले. भाऊजी तिथंच कामाले हायेत. कागद काउंटरवर ठेवा.